औंसाचं माप

वैजू म्हणतो, सिस्टर, अर्धी येतच नाही आता,
मोठी घ्या की, हिशोबात पडते.
मिलीमागं काढला भाव तर खरंच पडते.
तो बाटली कालच्या पेपरात गुंडाळतो,
वरून काळी पिशवी,
जणू सदर बाजारात कुणाला कळणारच नाही
की मिशन दवाखान्यातली रिटायर नर्स
पोर्ट घेऊन रिक्षात बसली.

आमचा हिशोब वेगळा होता.
रविवारी उपासना आटोपली की
याकोब दोन औंस मोजायचा,
औषधाच्याच काचेच्या पेल्यात,
डोळा रेघेच्या पातळीवर आणून.
दोन त्याला, दोन मला.
साडेसातशेची बाटली सहा रविवार जायची,
वर तीसेक मिली उरायची.
पोर्टमध्ये ब्रँडी असते, साध्या वाईनसारखी
दोन दिवसांत मान टाकत नाही,
पण सहा आठवड्यांपुढं तिचाही भरवसा नाही,
असं तो म्हणायचा,
आणि बाटली तेवढ्यात संपायची.

आता मी एकटी.
तीच बाटली बारा रविवार पुरते
आणि आठव्यालाच तिला
ओल्या पुठ्ठ्याची चव येते.
पहिल्या वर्षी मी ती तशीच प्यायले.
वाटलं, तोंडच कडू असेल माझं.

मग एप्रिलात, नळाला अकराव्या दिवशी पाणी आलं,
मी हंडा, कळशी, बादली, पातेली,
शेवटी चहाचं भगोनंसुद्धा भरत होते
आणि हसू आलं.
या जालन्यात मला साठवण कुणी शिकवायची?
मोठी टाकी उघडी पडली की पाणी नासतं,
लहान भांडं तोंडाशी भरावं,
झाकावं,
लागेल तेव्हाच हात लावावा.

माळ्यावर याकोबचं खोकं होतं.
लहान मुलांच्या तापाच्या औषधाच्या बाटल्या,
उकळून, वाळवून, बुचासकट.
कंपाउंडरला काच टाकवत नाही.
छापील माप साठ मिली,
पण गळ्यापर्यंत भरली की पासष्ट बसते,
हे फक्त त्याला आणि आता मला माहीत.

तेव्हापासून बाटली फोडली की त्याच दिवशी, नरसाळ्यानं,
अकरा बाटल्या.
हवेला बोटभरही जागा ठेवायची नाही.
आडव्या नाही, उभ्या,
फ्रीजच्या दारात लोणच्याशेजारी.
दुपारची लाईट चार तास गेली
तर वर ओलं फडकं.
वर तारीख टाकते.
जुनी चिठ्ठी काही बाटल्यांची निघत नाही,
त्याच्या तिरक्या अक्षरात,
हलवून घ्यावे.
पोर्ट हलवायची नसते, याकोब.
तरी मी ती ओळ खोडलेली नाही.

मंठ्याची करुणा खोली घेऊन राहते मागं,
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
एकदा खोकला झाला तर
विचारून न विचारून एक बाटली घेऊन गेली,
दुसऱ्या दिवशी म्हणाली,
मावशी, औषध फार चांगलं आहे,
कोणत्या कंपनीचं?
मी म्हटलं, जुनी कंपनी आहे, बंद पडली.
त्या पाळीत दहाच रविवार झाले.

अकरा भरून पस्तीस मिली उरते, दर वेळी.
ती साठवत नाही.
बरणीतल्या मनुकांवर ओतते,
झाकण लावते, विसरते.
डिसेंबरात बरणी काढली की
मनुका फुगून काचेला टेकलेल्या,
चमचा आत शिरत नाही.

एकट्या बाईला केवढासा केक लागतो?
वैजूच्या दुकानातून परत येताना
भांड्यांच्या गल्लीत मी पाहिलंही आहे एक,
वाटीएवढं, अॅल्युमिनियमचं,
दोनदा हातात घेतलं.

केकचं भांडं मी मोठंच ठेवलंय.